पाच जणांत बर्लिन: नाशिकहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांसाठी

मित्रांबरोबर परदेशातलं शहर बघायला निघालं की पहिलं भांडण यादीवरून होतं. प्रत्येकाने मोबाइलमध्ये सहा-सात जागा साठवलेल्या असतात, पाच जणांच्या मिळून तीसेक होतात आणि शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या दारात ‘आधी कुठं?’ यावर पाऊण तास जातो. त्यावर एक नियम पुरतो: ठरलेल्या मिनिटाला हजर राहावं लागेल असं काम दिवसाला एकच. एकच बुकिंग, एकच स्लॉट. बाकी सगळं त्याच्या आगेमागे, जमेल तसं. दोन स्लॉट घेतले की पहिल्या ठिकाणी कुणीतरी रेंगाळतं, दुसऱ्याचे पैसे बुडतात आणि उशीर कुणामुळे झाला हा विषय रात्रीपर्यंत पुरतो.

इथे बर्लिन घेतलंय, कारण आखेनला शिकत असा नाहीतर केम्निट्झला, पहिल्या वर्षात बर्लिनची एक फेरी होतेच. पहिल्यांदा जाणारे अडकतात ते ठरावीक तीन ठिकाणी: तिकीट, रविवार आणि सोमवार.

नाशिक सोडण्याआधी

बर्लिन बघायचं म्हणजे दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणं, तेही बऱ्याच ठिकाणी दगडी फरसबंदीवर. आपण कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला जायलाही गाडी काढतो. म्हणून जाण्याआधी एखाद्या रविवारी, जे बूट नेणार तेच घालून, रामकुंडापासून सोमेश्वरपर्यंत चालत जा आणि चालतच परत या. अंदाजे पंधरा किलोमीटर भरतात. टाच कुठे घासते, मोजा कुठे गोळा होतो हे इथेच कळलेलं बरं. बूट बदलायला मेन रोड जवळ आहे. सोबत जाणारे दोघं-तिघं नाशिकचेच असतील तर त्यांनाही घ्या. कोण झपाझप पुढे जातं, कोण दर दोन किलोमीटरवर चहाची टपरी शोधतं आणि भूक लागल्यावर कुणाचं डोकं फिरतं, ही माहिती पुढे नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते.

खाऊचं गणित सोपं आहे. चिवडा, भाजणी, कोरड्या चटण्या, मेतकूट, बेदाणे खुशाल न्या. पेढे, खवा, पनीर, तूप नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. ताजी द्राक्षंही नाहीत, त्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. आजीने कढवलेलं तूप कस्टमच्या डब्यात जाण्यापेक्षा नाशिकलाच राहू द्या.

पाचच का

जर्मनीतली गटाची तिकिटं बहुतेक पाच जणांपर्यंतच असतात. बर्लिनचं चोवीस तासांचं छोट्या गटाचं तिकीट पाचांपर्यंत, राज्यांची दिवसभराची ‘लेंडर टिकेट’ही पाचांपर्यंत. सहावा आला की दुसरं तिकीट आलं. शिवाय सहा जणांना हॉटेलात एक टेबल लवकर मिळत नाही आणि सहा जणांचं एकमतही होत नाही.

पाचांत कामं वाटून घ्या, पण निघण्याच्या आदल्या रात्री, स्टेशनवर नाही. एकाकडे तिकिटं. एकाकडे नकाशा, त्याच्या फोनमध्ये शहराचा ऑफलाइन नकाशा उतरवलेला हवा. एकाकडे पैसे. एकाकडे खाणं, म्हणजे त्या भागात काय मिळतं, शाकाहारी कोण, दुकान कधी बंद होतं हे बघणं. पाचवा शेपटाला चालतो. त्याचं काम डोकी मोजणं: गाडीत चढताना, उतरताना, संग्रहालयातून बाहेर पडताना. हे काम हलकं वाटतं, पण चुकामुकी टळतात त्या याच्यामुळेच. स्वभावाने सर्वांत सावकाश जो असेल, त्याला हे द्या. तसाही तो मागेच असतो.

बर्लिनपर्यंत जायचं कसं

आधी आपल्या सेमिस्टर फीमध्ये काय आहे ते बघा. अनेक विद्यापीठांच्या फीमध्ये आता देशभर चालणारं ‘डॉइचलँड सेमिस्टर तिकीट’ येतं. नसेल तर डॉइचलँड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे. ते वर्गणीसारखं असतं, आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतं. थांबवायचं असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, अकराव्या तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले.

हे तिकीट लोकल आणि रिजनल गाड्यांत चालतं: आरई आणि आरबी (रिजनल गाड्या), एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (मेट्रो), ट्राम, बस. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि फ्लिक्स कंपनीच्या गाड्यांत चालत नाही. रिजनल गाडी चुकली म्हणून त्याच फलाटावर उभ्या आयसीईत बसलात तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरतात. लाइप्झिग, ड्रेस्डेन, माग्डेबुर्गहून रिजनल गाड्यांनी यायला हरकत नाही. म्युनिकहून मात्र असं येऊ नका. आयसीईला जे चार-साडेचार तास लागतात, त्याला रिजनलने नऊ-दहा तास आणि तीन-चार गाड्या बदलणं लागतं. त्यातली एक चुकली की रात्र स्टेशनवर.

आयसीईचं स्वस्त तिकीट काही आठवडे आधी काढलं तरच स्वस्त, आणि ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. स्वतःच्या चुकीने गाडी सुटली तर ते तिकीट बाद. पण रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर हे बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. मुक्कामी तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांचा झाला तर ५० टक्के परत मागता येतात. सवलतीचं बानकार्ड घेतलं असेल तर तेही आपोआप नवं होतं. मुदतीच्या चार आठवडे आधी रद्द करायची आठवण फोनमध्ये ठेवा.

विमानाने येणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: विमानतळ शहराबाहेरच्या सी झोनमध्ये आहे (झोन कोणते ते पुढे आहे). एबीचं तिकीट तिथून चालत नाही, एबीसी लागतं.

शहरातलं तिकीट, आणि दंड कुठे बसतो

बर्लिनचे तीन झोन: ए मध्ये, बी शहराच्या हद्दीपर्यंत, सी बाहेर. बघण्यासारखं जवळपास सगळं एबीमध्ये येतं. सी लागतो तो विमानतळाला आणि पॉट्सडामला.

ज्यांच्याकडे डॉइचलँड तिकीट आहे त्यांना शहरात वेगळं काही काढायचं नाही, तिन्ही झोन त्यात आले. तेव्हा गटाचं तिकीट घेण्याआधी हात वर करून मोजा. पाचांत चौघांकडे पास असेल तर उरलेल्या एकाला चोवीस तासांचं साधं तिकीट पुरतं. गटाचं तिकीट कामी येतं ते बाहेरच्या देशात शिकणारे मित्र किंवा नाशिकहून आलेली भावंडं सोबत असतील तेव्हा. चोवीस तास शिक्का मारल्यापासून मोजतात, तारखेवर नाही. शनिवारी सकाळी ११ला शिक्का मारला तर रविवारी ११पर्यंत चालतं.

साधं एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. अलेक्झांडरप्लाट्झला उतरून काम आटोपून त्याच तिकिटावर परत येता येत नाही, घड्याळात वेळ शिल्लक असली तरी. त्याहून स्वस्त असतं ‘कुर्त्सश्ट्रेके’: एस-बान-यू-बानची तीन स्टेशनं, किंवा बस-ट्रामचे सहा थांबे.

दंड बसतो तो मुख्यतः या कारणांनी:

- कागदी तिकीट काढलं, पण फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून शिक्का मारला नाही. स्टेशनवर अडवणारं गेट नसतं, म्हणून ही पेटी नवख्याला दिसतच नाही. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही.
- अॅपवर तिकीट काढलं, पण तपासनीस दिसल्यावर. काढल्याची वेळ त्याच्या यंत्रात दिसते.
- पास फोनमध्ये आणि फोन बंद. पासावर नाव असतं, त्यामुळे सोबत फोटोचं ओळखपत्रही लागतं.

दंड ६० युरो, माणशी. तपासनीस बऱ्याचदा साध्या कपड्यांत असतात आणि दार बंद झाल्यावर कार्ड काढतात. ‘नवीन आलोय, माहीत नव्हतं’ हे ते रोज ऐकतात. वाद घालू नका, पावती घ्या. पास होता पण दाखवता आला नाही, असं असेल तर नंतर कार्यालयात तो दाखवल्यावर दंड बराच कमी होतो. पॉवर बँक तिकीटवाल्याच्या बॅगेत हवीच, ती का हे आता सांगायला नको.

दिशा चुकण्याची भीती असेल तर रिंगबान ओळखून ठेवा. एस४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एस४२ उलट. शहराभोवतीची ३७ किलोमीटरची फेरी साधारण तासात पूर्ण होते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री यू-बान आणि एस-बान बहुतेक मार्गांवर रात्रभर चालतात. आठवड्यात इतर रात्री त्यांची जागा रात्रीच्या बस घेतात.

शनिवार

शनिवारचं वेळेचं काम: राइशटागचा, म्हणजे संसदेचा, काचेचा घुमट. फुकट आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि तीत प्रत्येकाचं नाव, आडनाव, जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच भरायची. इथे मराठी नावांची फार गडबड होते. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये असेल तर तेही लिहा. दाराशी मूळ पासपोर्ट बघतात, झेरॉक्स चालत नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत स्लॉट लवकर भरतात, त्यामुळे गाडीचं तिकीट काढण्याआधी हा स्लॉट बघा. संध्याकाळचा घ्या, घुमट रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. हे एवढं एक ठरलं की बाकीचा दिवस मोकळा.

सकाळची सुरुवात नॉर्डबानहोफ स्टेशनवरून करा. शहर दुभंगलेलं होतं तेव्हा या स्टेशनवर गाड्या न थांबता जायच्या. त्याची माहिती स्टेशनातच लावलेली आहे, आणि बरेच जण ती न बघता जिना चढून जातात. बाहेर पडलं की बेर्नाउअर श्ट्रासेवरचं भिंतीचं स्मारक. १३ ऑगस्ट १९६१ला उभी राहायला लागलेली आणि ९ नोव्हेंबर १९८९ला खुली झालेली ही भिंत म्हणजे एकच भिंत नव्हती. मध्ये मोकळा पट्टा होता, त्यात बुरूज, दिवे आणि गस्तीचा रस्ता. हे इथेच नीट कळतं, कारण एक तुकडा होता तसा ठेवलाय आणि समोरच्या मनोऱ्यावरून तो वरून दिसतो. फुकट. दीड तास द्या.

मग एस-बानने तीन स्टेशनांवर ब्रांडेनबुर्गर टोअर, म्हणजे ब्रांडेनबुर्ग दार. दाराचा फोटो झाला की नजर खाली न्या: दाराच्या पश्चिमेच्या बाजूला रस्त्याच्या डांबरात दगडांची दुहेरी ओळ गेलेली दिसते. भिंत नेमकी कुठून गेली होती, त्याची ती खूण. गाड्या तिच्यावरून जात असतात. तशीच जमिनीतली दुसरी गोष्ट म्हणजे घरांच्या दारासमोर फरसबंदीत बसवलेल्या दहा सेंटिमीटरच्या चौरस पितळी पाट्या. प्रत्येकीवर त्या घरात राहणाऱ्या, नाझींनी नेलेल्या एकेका माणसाचं नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झालं ते. वाचायला वाकावं लागतं.

दारापासून चालत काही मिनिटांवर नाझींनी मारलेल्या ज्यूंचं, २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक आहे. त्यावर चढून फोटो काढू नका, उड्या मारू नका. पहारेकरी हटकतात आणि हटकलंच पाहिजे. तिथून पॉट्सडामर प्लाट्झवरून ‘टोपोग्राफी डेस टेरर्स’, म्हणजे नाझींच्या दहशतीवरचं प्रदर्शन, रोज उघडं आणि फुकट. चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या सीमेवरच्या चौकीची जागा, तिथून जवळ असलं तरी सोडलं तर काही बिघडत नाही. चौकी नकली आहे आणि बाकी दुकानं. उरलेला वेळ बागेत बसून घालवा, संध्याकाळी घुमट.

डिसेंबरात जात असाल तर हाच क्रम लवकर आटपावा लागतो: चारच्या आधी अंधार पडतो, म्हणून उघड्यावरचं सगळं दुपारी तीनपर्यंत उरका. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

रविवार, आणि सोमवारचं का टाळायचं

रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केटही. बर्लिनच्या मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण तिथे भाव जास्त आणि रांग लांब. पाणी, ब्रेड, फळं, पट्टी, सॅनिटरी पॅड शनिवारी संध्याकाळी घेऊन ठेवा.

रविवारचं वेळेचं काम म्हणून संग्रहालय घ्या. म्युझियम आयलंडवरचं नॉयेस म्युझियम, नेफर्टिटीचा पुतळा असलेलं, वेळेच्या तिकिटावर बघता येतं. त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत. पेर्गामोन म्युझियम दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे, जुन्या यादीत ते असेल तर खोडा. हे सगळं सोमवारवर ढकलू नका, कारण सोमवारी बर्लिनमधली बरीच संग्रहालयं बंद असतात. जोडून सुट्टी असेल आणि सोमवार हाती असेलच तर पॉट्सडामच्या सांसूसी बागेत जा. महाल बंद असला तरी बाग उघडी असते आणि तिला तिकीट नाही.

म्युझियमला जायला झू स्टेशनवरून १०० नंबरची बस धरा. तीच बस टियरगार्टन, राइशटागच्या जवळून म्युझियम आयलंडवरच्या लुस्टगार्टन थांब्याला नेते, साध्या तिकिटात किंवा पासात. दुमजली बस आली तर वरची पुढची सीट मिळण्यासाठी पहिल्याच थांब्यावर चढा. टुरिस्ट बसला जे पैसे मोजतात, ते वाचतात.

दुपारनंतर ईस्ट साइड गॅलरी: भिंतीचा १.३ किलोमीटरचा तुकडा, १९९०मध्ये चित्रकारांनी रंगवलेला. ओस्टबानहोफला उतरून वार्शाउअर श्ट्रासेकडे चालत जा. अंगात ताकद उरली तर टेंपलहोफर फेल्ड. २००८मध्ये बंद झालेल्या विमानतळाची धावपट्टी आता लोकांना फिरायला उघडी आहे. अंधार पडताना दारं बंद करतात, तेव्हा पलीकडच्या टोकाला असाल तर पळावं लागेल.

पैसे आणि पोट

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो येतात. त्यातून भाडं आणि विमा गेल्यावर शनिवार-रविवारची मौज किती परवडते हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते कुणी मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून आकडा आधी ठरवा, सर्वांत कमी परवडणाऱ्याच्या हिशोबाने. तिकीट, हॉस्टेल, किराणा यांची कॉन्ट्री काढा. बाहेरचं जेवण, बिअर, खरेदी टीटीएमएम. खजिनदाराने प्रत्येक खर्च त्याच वेळी स्प्लिटवाइज या हिशोबाच्या अॅपमध्ये टाकावा. रात्री बसून आठवणीने टाकला की दोन-तीन गोष्टी हमखास सुटतात. वीस-तीस युरो रोख जवळ हवेत, छोट्या दुकानांत अजूनही कार्ड घेत नाहीत. सुट्टी नाणी वेगळी ठेवा, शौचालयाला पन्नास सेंट ते एक युरो लागतो.

हॉस्टेल घेताना लॉकरला कुलूप स्वतःचं लागतं का आणि चादर-टॉवेलचे वेगळे पैसे आहेत का, ते वाचा. दाखवलेल्या भाड्यावर साडेसात टक्के शहर कर लागू शकतो. रात्री १० नंतर आवाज खाली. हे नुसतं सांगण्यापुरतं नसतं, शेजारी खरंच पोलीस बोलावतात.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा: बर्लिनमध्ये गल्लोगल्ली मिळणाऱ्या ‘गेम्युझे केबाप’मध्ये, नावात ‘गेम्युझे’ म्हणजे भाजी असली तरी, भाज्यांबरोबर चिकन असतं. ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांस नको, असं स्पष्ट सांगा, नाहीतर सरळ फलाफल किंवा हालूमी (चीज) घ्या. करीवुर्स्ट हे सॉसेज बहुधा डुकराचं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून निघा. विकत घेतलेली प्लास्टिकची बाटली किंवा कॅन फेकू नका. त्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळतं.

चुकामूक झाली तर

गाडीचं दार बंद होऊन एक जण फलाटावर राहिला, तर गाडीतल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढची गाडी धरून तिथे उतरायचं. हे आधी ठरलेलं नसेल तर दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघतात आणि पुन्हा चुकतात. फोन लागत नसेल तर भेटायची एक जागा आणि वेळ ठरवून ठेवा. अलेक्झांडरप्लाट्झवरचं जागतिक घड्याळ कुणालाही सापडतं.

सायकलचा रस्ता फुटपाथलाच चिकटून असतो, बऱ्याचदा लालसर. त्यावर घोळक्याने उभं राहून नकाशा बघणं सर्वांत धोक्याचं. पाकीटमारी अलेक्झांडरप्लाट्झ आणि वार्शाउअर श्ट्रासेला जास्त होते, फोन मागच्या खिशात नको. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२. जीवावरचं नाही पण डॉक्टर हवा, तर ११६११७. बँकेचं कार्ड हरवलं तर ११६ ११६. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची, मग टियरगार्टनश्ट्रासेवरचा भारतीय दूतावास. घरी कळवताना घड्याळ बघा: नाशिक उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तुमच्याकडे रात्रीचे दहा म्हणजे आई-बाबांची झोपमोड.

तिथूनच प्राग करायचं असेल तर

जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं. कार्ड आणि मूळ पासपोर्ट दोन्ही खिशात हवेत. परत येताना जर्मनीच्या सीमेवर तपासणी होऊ शकते. सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू झाली. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथे हे कार्ड चालत नाही. सरकारी आरोग्य विमा असेल तर त्याच कार्डाच्या मागची युरोपियन बाजू चेकियातही चालते.

बर्लिन-प्राग थेट गाडीत डॉइचलँड तिकीट चालत नाही, वेगळं काढा. प्रागमध्येही कागदी तिकिटावर शिक्का मारायचा असतो. चलन कोरुना. एटीएमने ‘युरोमध्ये बदलून देऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि कोरुनाच घ्या, नाहीतर दर मशीनवाला ठरवतो. चलन बदलणाऱ्या दुकानात दर फसवा निघाला, तर एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागायची सोय तिथल्या कायद्यात आहे. त्यासाठी पावती लागते, म्हणून खजिनदाराने ती काउंटर सोडण्याआधी वाचावी आणि पाकिटात वेगळी ठेवावी.